तारा हिरव्या कशानं पडल्या

आप्पांनी आंब्याचं पान तांब्यात बुडवलं आणि माझ्या टेबलावर झटकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हात उचलायच्या आत माझं यंत्र ओरडायला लागलं.

तांब्यात गोमूत्र होतं.

शाळेचा हॉल. ओळीनं टेबलं, वर पांढऱ्या चादरी, कोपऱ्यात सरस्वतीचा फोटो. आमच्या भागातल्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं. आप्पा म्हणजे आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. आडत दुकानवाले, गावातली मोठी आसामी. उद्घाटन त्यांच्याच हातचं. प्रत्येक टेबलापाशी थांबायचे आणि पोराला विचारायचे, "कुणाचा रे तू?" पोरगा बापाचं नाव सांगायचा. आप्पा त्याच्या वस्तूला कुंकवाचं बोट लावायचे आणि पुढं जायचे. पुठ्ठ्याच्या धरणाला कुंकू. पवनचक्कीला कुंकू. मातीच्या ज्वालामुखीलासुद्धा कुंकू.

माझ्यापाशी आले. "कुणाची गं?"

मी बापाचं नाव सांगितलं. आप्पांना ते उमजलं न्हाई. त्यांनी आमच्या हेडसरांकडं बघितलं. हेडसर हळूच बोलले, "मांगवाड्यातली हाय, आप्पा."

आप्पा रागावले न्हाईत. शिवी दिली न्हाई. भिवईसुद्धा हलली न्हाई. त्यांनी गड्याला नुसती बोटानं खूण केली आणि गड्यानं मागून तांब्या पुढं केला. म्हणजे तो तांब्या घरूनच भरून आणला होता. माझं नाव यादीत होतं, ते आधीच वाचून आले होते. मग विचारलं कशाला? चारचौघांत माझ्या तोंडून वदवायला. हे मला लई उशिरा कळलं. त्या दिवशी नुसता वास आला.

आणि घंटी वाजायला लागली. वाजली म्हणजे काय, बोंबलायला लागली. कारण ती पावसाची घंटी होती. तिला जोडलेल्या पाटीवर ओल पडली की वाजायची, एवढंच तिचं काम. दोन वर्षं आमच्याकडं पाऊस न्हाई. त्या पाटीवर जे पहिलं आभाळातून पडल्यासारखं पडलं, ते हे.

"चाललं! चाललं की!" हेडसर ओरडले आणि टाळ्या वाजवायला लागले. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. पोरं हसत होती, मास्तर हसत होते. आप्पाही हसले. कुणाला काय वाईट वाटायचं त्यात? यंत्र चाललं ना!

मला ते बंद करायचं होतं. सेल काढला असता तर झालं असतं. मीच जोडलेला सेल. पण ते सुचलंच न्हाई. मी परकराच्या टोकानं ती पाटी पुसत बसले. तारांमधली ओल जाईना. मी पुसतेय आणि ते ओरडतंय, मी पुसतेय आणि ते ओरडतंय. दहावीतली घोडी मी, आणि भर सभेत परकरानं मूत पुसत उभी.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. लातूरचे शिक्षण खात्याचे साहेब आले. उशीर झाला होता त्यांना. आत येतायेताच विचारलं, "काय वाजून राहिलंय हो?"

हेडसर पुढं झाले. "साहेब, पाऊस पडला की वाजणारी घंटी हाय. आमच्या शाळेच्या पोरीनं केलीय. आता पाणी टाकून दाखवली." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "हो ना गं?"

माझ्या नाकात वास होता. परकर ओला होता.

"होय सर," मी म्हणाले. "पाणी."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. लातूरच्या प्रदर्शनाला आमच्या शाळेतून एकच वस्तू निवडली, ती माझी.

आता ते यंत्र कसं झालं ते सांगते, म्हणजे माझं काय गेलं ते कळंल.

माझा मामा नांदेडजवळ विष्णुपुरीला राहायचा. तिथं गोदावरीवर धरणाचं काम चालू होतं आणि बाजूला इंजिनियरिंगचं कॉलेज नवंच निघालं होतं. मामा तिथं झाडूपोछा करायचा. वर्ग सुटला की फळा पुसायचा. मामा शाळेत गेला चौथीपर्यंत, तीही रडतकढत. पण त्याचा हात सुबक. लग्नसराईत दारावर मोर, हत्ती काढायला त्याला बोलवायचे. तर हा माणूस फळा पुसायच्या आधी फळ्यावरची चित्रं कागदावर उतरवून घ्यायचा. त्याला त्यातलं काय कळत नव्हतं. "एवढं नटवून काढतेत, पुसायचं जिवावर येतं," म्हणायचा.

सुट्टीत आला की तो मला ते कागद द्यायचा. सोबत कचऱ्यात टाकलेले सुटे भाग आणायचा. तीन पायांचे काळे ट्रांझिस्टर, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, मिणमिणते दिवे. कुणाचा पाय तुटका, कुणाचं डोकं जळकं. एका डबीत घालून आणायचा. मी ते शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाशी ताडून बघायची. कळायचं न्हाई, मग परत बघायची. ग्रंथालयाच्या कपाटात एक जुनं रेडिओ दुरुस्तीचं पुस्तक होतं, ते मी सात वेळा घरी नेलं. क्लार्क म्हणायचा, "ह्याच्यात काय सिनेमा हाय का गं?"

पावसाच्या घंटीचं चित्र मामानंच आणलं. मी तसंच्या तसं जोडलं. आमच्या घरात वीज न्हाई. मायची भाकरी झाली की चुलीत लोखंडी सळई तापवायची आणि तिनं कथलाचा डाग देऊन जोड करायचा. बोटं भाजली, ती आजही खरखरीत हायेत. सगळं जोडलं, सेल लावला, तर घंटी वाजायचीच थांबंना. पाटी कोरडी ठणठणीत आणि ही वाजतेय. तीन दिवस डोकं फोडलं. मग मामाला विचारलं, "मामा, हा ठिपका इथं होता का रे फळ्यावर?" मामा म्हणाला, "होता की. माझ्या ओल्या फडक्याचा थेंब उडला होता तिथं. म्हणलं, त्यांच्या चित्रात काय कमी नको." तारांच्या चित्रात ठिपका म्हणजे जोड. फडक्याचा थेंब त्यानं इमानदारीनं उतरवला होता आणि मी तिथं इमानदारीनं डाग दिला होता. दोघं इतके हसलो की माय चिडली. तो डाग सोडवला आणि घंटी गप झाली. जिभेवर ओलं केलेलं बोट पाटीला लावलं, तर टुंऽऽ करून वाजली.

आयुष्यात इतका आनंद मला परत झाला न्हाई. खरंच सांगते. लग्नातही न्हाई.

पाटी म्हणजे माझी फुटकी शाळेची पाटी. तिच्यावर तांब्याच्या दोन उघड्या तारा शेजारीशेजारी गुंडाळलेल्या, एकमेकींना न लावता. मधल्या फटीत ओल आली की वीज इकडून तिकडं जाते. ती तार मला दुष्काळानं दिली. विहिरी आटल्या, लोकांच्या मोटारी कोरड्या चालून जळाल्या. रेणापूरला वाइंडिंगवाल्याच्या दुकानामागं जळक्या तारेचे तुकडे पडायचे. ते मी गोळा केले. विटेनं घासून घासून वरची काजळी काढली. नव्या कोऱ्या तांब्यासारखी लखलख तार निघाली.

मामानं सांगून ठेवलं होतं, "दहावी काढ. मी तुला नांदेडला नेतो. हेच काम शिकायला घालतो. पण दहावी पाहिजे." मला दुसरं काय नको होतं. लुगडं नको, सोनं नको. हे काम पाहिजे होतं. आणि दहावीचा फॉर्म हेडसरांच्या सहीनं जाणार होता.

म्हणून मी "पाणी" म्हणाले. स्वतःची बाजू घेत न्हाई. फक्त सांगतेय.

त्या दिवशी घरी येऊन पाटी चुलीपाशी ठेवली. माय रोजगार हमीवर खडी फोडायला गेली होती, बा अंगणात केकताडाचा, म्हणजे घायपाताचा, दोर वळत बसला होता. माझ्या बापाचं काम तेच. गावातल्या सगळ्या विहिरींवरचे पाणी शेंदायचे नाडे त्याच्या हातचे. मी त्याला काय बोलले न्हाई. आणि बाला नाक नव्हतं का? वास त्यालाही आला असणार. तोही काय बोलला न्हाई.

चार दिवसांनी बघते तर तारा हिरव्या पडायला लागलेल्या. आधी ठिपके, मग सगळ्याच. जिथं जिथं शिंतोडा पडला होता, तिथं तिथं हिरवं. चिंच लावून घासलं. वरवर गेलं, परत आलं. दुसरी तार न्हाई. वाइंडिंगवाल्याचं दुकान बंद पडलं होतं, विहिरीत पाणीच न्हाई तर मोटारी कोण आणणार? मी रोज चिंच लावायची, रोज ते हिरवं परत यायचं. आणि रोज माझ्या कानात माझाच आवाज यायचा. होय सर, पाणी. होय सर, पाणी. दुसऱ्यानं मारलेली चापट लोक विसरतेत. आपण होऊन पुढं केलेला गाल विसरता येत न्हाई.

लातूरला जायच्या दिवशी हेडसर आणि मी एसटीनं निघालो. जिल्हा नवाच झाला होता. आमच्या शाळेच्या पाटीवर उस्मानाबाद खरवडून वर लातूर लिहिलं होतं, पण खालचं उस्मानाबाद अजून वाचता यायचं. हेडसर खुशीत होते. "नव्या जिल्ह्याचं पहिलंच प्रदर्शन," म्हणाले. "आपल्या शाळेचं नाव झालं पाहिजे. कुणी विचारलं तर नीट बोल. आणि नको ते बोलू नको. फॉर्म भरायचे दिवस आलेत, ध्यानात हाय ना?"

"हाय सर."

हेडसर वाईट माणूस नव्हते, असं लोक म्हणतेत. मी पण लई वर्षं म्हणायची. मला ते पुस्तक घरी न्यायला त्यांनीच परवानगी दिली होती. पण तांब्या पुढं आला तेव्हा ते बाजूला सरकले. वाईट माणसानंही तेच केलं असतं.

लातूरच्या एका मोठ्या शाळेच्या मैदानात मांडव होता. शंभरएक टेबलं. शहरातली पोरं, इस्त्रीचे कपडे. माझ्या टेबलावर कार्ड होतं, शाळेचं नाव ठळक, माझं बारीक. परीक्षक म्हणून एक जाड चष्म्याचे, बारीक अंगाचे मास्तर आले. कुठल्यातरी तांत्रिक शाळेत शिकवत होते. त्यांच्यासोबत तेच जीपवाले साहेब होते. परीक्षकांनी कुणाची गं, म्हणून विचारलं न्हाई. सरळ पाटी उचलून हातात घेतली.

माझ्या वस्तूला हात लावणारं ते बाहेरचं पहिलं माणूस.

"हा ट्रांझिस्टर इथं कशाला?"

मी सांगितलं. पाटीवरून येणारी वीज लई बारीक असते, तिच्यानं घंटी वाजायची न्हाई, म्हणून तिला मोठं करायला.

"आणि एकानं का भागलं नाही? दोन का लावलेस?"

मी सांगितलं. एकानं नुसता दिवा लागत होता, घंटी कण्हत होती.

ते हसले. शेजारच्या पेल्यातला थेंब त्यांनी बोटानं पाटीवर सोडला. घंटी वाजली. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता पळत जावं आणि मामाला सांगावं. त्यांनी पाटी उजेडाकडं धरली, चष्मा वर केला आणि विचारलं, "तारा हिरव्या कशानं पडल्या?"

मी पाटीवरच्या हिरव्याकडं बघितलं.

"नुसत्या पाण्यानं इतक्यात अशा पडत नाहीत. काहीतरी क्षाराचं लागलंय ह्याला."

मागून हेडसर बोलले, "पाणीच हो सर. आमच्याकडं दुष्काळ, विहिरीचा तळ लागलाय. मचूळ पाणी. त्याच्यानं झालं असंल."

खोटं असं पाहिजे बघा. दुष्काळ खरा, तळ खरा, मचूळ पाणी खरं. सगळं खरं घालून केलेलं खोटं. मला नुसती मान हलवायची होती. बोलायचंही नव्हतं.

परीक्षकांनी हेडसरांकडं बघितलंच न्हाई. मला म्हणाले, "तू सांग. यंत्र तूच केलंयस ना?"

आता ह्याच्यावर काय करता? यंत्र मी केलंय म्हणायचं, तर त्याच्या तारांना काय झालं ते मला ठाऊक पाहिजे. ठाऊक न्हाई म्हणायचं, तर यंत्र माझं न्हाई. चुलीतल्या सळईनं बोटं भाजली ती माझी. ठिपका शोधला तो मी. मचूळ पाणी म्हणाले असते, तर त्या टेबलावर मी कोण होते? शाळेनं उभी केलेली एक बाहुली. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? फॉर्म डोळ्यापुढं आला. नांदेड डोळ्यापुढं आलं. आणि त्याच्याहीपेक्षा मोठ्यानं ते आलं, होय सर, पाणी. परत तेच म्हणायचं? परत?

"मीच केलंय सर," मी म्हणाले. "तारा गोमूत्रानं पडल्या."

"गोमूत्र? ते कसं आलं त्याच्यावर?"

"आमच्या शाळेच्या अध्यक्षांनी शिंपडलं. मी मांगाची हाय म्हणून."

शेजारच्या टेबलावरची पोरं बोलायची थांबली. जीपवाल्या साहेबांनी घड्याळात बघितलं. हेडसरांचा श्वास मला मागून ऐकू येत होता.

परीक्षकांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. मोठे मास्तर, शहाणे मास्तर, ज्यांनी माझी पाटी हातात धरली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "क्षारानंच होतं."

कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाला गेले.

बस्स. एवढंच. आभाळ कोसळलं न्हाई, कुणी शाबासकी दिली न्हाई, कुणी मला दटावलंही न्हाई. त्या दिवशी मला कळलं, खरं बोललं की कुणी धावून येतं असं काय नसतं. खरं बोलायचं ते आपल्याला बोलायचंय म्हणून. बक्षिसं जाहीर झाली. आमचं नाव न्हाई. हेडसर परतीच्या एसटीत माझ्यापासून चार बाकं पुढं बसले. फाट्यावर उतरल्यावर एकच वाक्य बोलले. "सोमवारी बापाला घेऊन ये."

सोमवारी बा आला. चपला हातात घेऊन ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत ये, कुणी म्हणालं न्हाई, आणि म्हणालं असतं तरी तो आला नसता. हेडसरांनी माझ्यापुढं कोरा कागद आणि पेन सरकवलं.

"माफीनामा लिही. मी लातूरला खोटं बोलले, शाळेची आणि संस्थेची बदनामी केली, मला क्षमा करावी. खाली सही. आप्पांना दाखवायचाय. न्हाईतर तुझा फॉर्म जायचा न्हाई."

बा उंबऱ्याबाहेरून म्हणाला, "लिही माय. लिही. लेकराची चूक हाय सर, लहान हाय ती."

मी पेन घेतलं. लिहिलं. अक्षर माझं चांगलं हाय. एकही काट न मारता लिहिलं आणि सही केली. हेडसरांनी कागद उचलला. बानं मला लिहिताना बघितलं, सही करताना बघितलं. त्याला वाचता येत न्हाई. त्यानं दोन्ही हात जोडले आणि वाकून म्हणाला, "उपकार झाले सर. लई उपकार झाले."

आणि हेडसर वाचत होते. मी लिहिलं होतं:

"मी खोटं बोलले. आपल्या शाळेत प्रदर्शनाच्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा मी पाणी म्हणाले. ते गोमूत्र होतं. त्या खोट्याबद्दल मी माफी मागते. लातूरला मी खरं बोलले. त्याबद्दल माफी मागणार नाही."

बा अजून वाकलेलाच होता. ते बघणं मला जन्मभर पुरलं.

हेडसरांनी कागदाचे चार तुकडे केले. "चोराच्या उलट्या बोंबा," म्हणाले. "चला. नाव काढतो तुझं. तुझ्यासारख्या पोरींना शिकवून उपयोग न्हाई." बा उंबऱ्यात तसाच, जोडलेले हात सोडायचे विसरलेला. त्याला काय झालं ते कळंना. क्लार्कनं सांगितलं त्याला. सगळं, हसत हसत.

वाटेनं बा पुढं चालत होता. गावकूस ओलांडल्यावर थांबला आणि बोलला, "पाण्यात राहून माशाशी वैर कुणी करतं का? एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं गं? मी काय कमी गिळलेत?"

मी म्हणाले, "तुम्ही गिळले म्हणून मीही गिळायचे का?"

त्यानं हात उगारला. मारलं न्हाई. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं.

घरी मायला सांगितलं. माय खडी फोडून आलेली, हाताला फोड. मला वाटलं, ही तरी शिव्या देईल. मी रडत रडत तिला विचारलं, "बानं वळलेला नाडा त्यांच्या विहिरीत रोज बुडतो. रोज त्याचं पाणी पितेत. त्या नाड्यावर कधी काय शिंपडलं न्हाई. माझ्या तारेवरच का?"

माय हाताचे फोड बघत बसली. मग म्हणाली, "नाड्यावर तुझ्या बाचं नाव लिहिलेलं नसतं, पोरी. तू टेबलावर नाव लावून बसलीस."

आप्पांच्या दुकानानं बापाचे दोर घ्यायचे बंद केले. दुसऱ्यांनीही हळूहळू बंद केले. नायलॉनचा दोर आलाच होता, त्यांना निमित्त झालं. पुढच्या वर्षी बासुद्धा खडी फोडायला गेला. माझ्यामुळं. हे मी लपवत न्हाई. एका शब्दाची किंमत मी एकटीनं दिली न्हाई, माझ्या घरानं दिली. आणि एवढं होऊनही मला तो शब्द परत घ्यावासा वाटला न्हाई, एक दिवसही न्हाई.

मामा येऊन मला नांदेडला घेऊन गेला. म्हणाला, "मेलेलं कोंबडं आगीला भीत न्हाई. आता काय राहिलंय भ्यायला?" सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. पहिल्या खेपेला गणित राहिलं. दुसऱ्या खेपेला काढली. मग आयटीआय. मग एका दुकानात टीव्ही दुरुस्ती, तिथंही गिऱ्हाईक म्हणायचं, बाईच्या हातात नको देऊ. पंचवीस वर्षं ते काम केलं. आता आमच्या वस्तीत दर रविवारी पोरापोरींना बसवते. मातीची ओल सांगणारं, टाकी भरली की वाजणारं, असलं काहीबाही त्यांच्या हातून करून घेते. आता सगळं तयार मिळतं, बोटाएवढं, स्वस्त. चुलीत सळई तापवावी लागत न्हाई. पण पोरगं पहिल्यांदा बोट ओलं करून लावतं आणि ते वाजतं, तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

मागच्या महिन्यात गावाकडून फोन आला. त्याच शाळेतून. नवे मुख्याध्यापक, आवाज गोड. शाळेला इतकी वर्षं झाली म्हणून कार्यक्रम हाय. "गुणवंत माजी विद्यार्थिनी म्हणून तुमचा सत्कार करायचाय, मॅडम. दोन शब्द बोलायचे. मुलींना प्रेरणा मिळेल."

मी विचारलं, "माझं नाव तुमच्या शाळेतून का काढलं, ते ठाऊक हाय का?"

ते म्हणाले, "ऐकलंय थोडंफार. पण मॅडम, ते जुनं झालं. आता कोण मानतं असलं? चांगल्या दिवशी ते कशाला उकरायचं?"

म्हणजे ह्यांनाही ठाऊक होतं. पस्तीस-चाळीस वर्षं त्या शाळेत ते कुजबुजत राहिलं, आणि एकाही मास्तरानं एकाही पोराला ते मोठ्यानं सांगितलं न्हाई. आता मला हार घालणार आणि मी परत मान हलवणार. होय सर, पाणी.

मी म्हणाले, "येते. पण दोन शब्द बोलायला लावाल तर हेच बोलणार. अध्यक्षांचं घराणं समोर बसलेलं असंल तरी."

"मग राहू द्या," ते म्हणाले.

राहू दिलं. त्यांच्या हॉलमध्ये न्हाई, तर इथं सांगतेय. रविवारी माझ्या पोरांनाही सांगितलं, पहिल्यांदाच. आठ वर्षांची एक पोरगी म्हणाली, "बाई, तुम्ही पहिल्या दिवशीच का न्हाई बोललात?" मी म्हणाले, "भ्याले." ती म्हणाली, "आता न्हाई भीत?"

भिते. अजून भिते. पण भीतभीत का होईना, बोलायचं ठरलंय माझं. माझ्यावर जे टाकलं त्याचं नाव मी बदलणार न्हाई. हार घेऊन न्हाई, माफी मागून न्हाई, कुणाच्या चांगल्या दिवसासाठी न्हाई. कुणी विचारलं तर सांगीन. न विचारता सांगीन. ज्याला ऐकवत न्हाई, त्यानं खुशाल उठून जावं.